कोंबडीची अंघोळ

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या भावावर बोलणं झालं, कर्जावर झालं, विजेवर झालं. आता जेवणं आटोपली, ऊन डोक्यावर आलं आणि आमच्या वाट्याला विषय आला कोंबडीचा. त्यातही कोंबडीच्या अंघोळीचा. मागच्या बाजूचे काही भाऊ आत्ताच हसले, ते आम्ही पाहिलं. हसा. आम्हीही आधी हसलोच होतो. पण ज्वारी हाती येईस्तोवर आणि कापूस विकला जाईस्तोवर घरात मिठामिरचीला पैसा कुठून येतो, हे तुमच्या घरातल्या बाईला विचारून पाहा. तो अंड्याचा असतो, नाहीतर बाजारात गुपचूप विकलेल्या कोंबड्याचा असतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही, सोसायटीच्या वहीत नाही, म्हणून तो कुणाच्या हिशेबात नाही. त्या पैशाला गळती लागली होती. ती कुठून लागली याचा शोध घेता घेता आम्ही चार-पाच गावच्या बाया आणि दोन-तीन बाप्ये या मातीपाशी येऊन थांबलो.

आधी एक गंमत सांगतो. आमच्यातल्या एकीच्या घरी शहरातून भाचा आला होता, सात-आठ वर्षांचा. दुपारी तो ओरडत आला, "मावशी, कोंबडी मेली!" बाई धावत गेली. पाहते तर कोंबडी भिंतीकडेच्या खड्ड्यात आडवी, एक पाय ताणलेला, एक पंख पसरलेला, डोळे मिटलेले, सगळं अंग मातीनं माखलेलं. बाईनं हात लावायला आणि कोंबडीनं उठून अंग झाडायला एकच गाठ पडली. तिच्या अंगावरची सगळी धूळ मावशीच्या तोंडावर! पोराला माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही. पण आमच्यातल्याच एका घरी नवी सून आली, तिनं असंच पाहिलं, मानमोडी आली समजून घाबरली आणि चांगली अंड्यावरची कोंबडी सासऱ्यानं त्याच संध्याकाळी कापली. म्हणजे कोंबडी काय करते आहे हेच घरात कुणाला कळलं नाही.

ती न्हात होती. चिमण्या धुळीत न्हायला लागल्या की पाऊस जवळ आला, असं आपले म्हातारे सांगत आले. चिमणीची अंघोळ आपण पाहिली, कारण पावसाकडे आपले डोळे लागलेले असतात. कोंबडीची पाहिली नाही.

ती नीट पाहा. आधी ती चोचीनं आणि पायानं माती उकरते, खोलगट करते. मग खाली बसून पिसं फुलवते. पंखांनी आणि पायांनी माती अंगावर उडवते, ती पिसांच्या मुळाशी जाईल अशी. डोकं मातीत घासते, कुशीवर होते, मग थोडा वेळ निपचित पडून राहते. शेवटी उठून एक जोराचा झटका देते. हे सगळं अर्धा तासभर चालतं. मोकळी कोंबडी साधारण एक दिवसाआड न्हाते आणि वेळ बहुतेक दुपारचीच धरते. आठ-दहा दिवसांचं पिल्लूसुद्धा हे करायला लागतं, त्याला आई नसली तरी करतं. अंडी यंत्रात उबवून आणलेली गिरिराज आणि वनराजाची पिल्लं आम्ही पाळली, त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

आता हे कशासाठी? कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. चोचीनं तेल घेऊन ती पिसांना लावते. ते तेल शिळं झालं, चिकटलं, की पिसं तेलकट होऊन एकमेकांना धरतात. माती ते शिळं तेल ओढून घेते आणि झटक्यासरशी बाहेर जाते. हा एक उपयोग झाला. दुसरा उपयोग उवांचा, आणि गळती तिथंच होती.

तुम्ही तुरीला, मुगाला, बियाण्याला राख लावून ठेवता की नाही? का ठेवता? भुंगा लागू नये म्हणून. किड्याच्या अंगावर मेणासारखा एक पातळ थर असतो, त्यानं त्याच्या अंगातलं पाणी आत राहतं. बारीक कोरडी भुकटी तो थर खरवडते, शोषते, आणि किडा वाळून मरतो. मडक्यातल्या भुंग्याला जो न्याय, तोच कोंबडीच्या उवेला. आपल्या आज्यांनी मडक्यात जे केलं ते कोंबडी स्वतःच्या अंगावर करते.

हे नुसतं आज्यांचं सांगणं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या कीटकशास्त्रज्ञांचा प्रयोग २०१२ साली छापून आला. त्यांनी कोंबड्यांना वाळूची खोकी दिली. काहींच्या वाळूत चिनी माती मिसळली, काहींच्या वाळूत समुद्री शेवाळाच्या सांगाड्यांची भुकटी आणि काहींच्या वाळूत गंधक. खोक्यात न्हाणाऱ्या कोंबड्यांच्या अंगावरच्या उवा आणि माइट आठवड्याभरात ८० ते १०० टक्के कमी झाले. खोकी काढून घेतली की चिनी मातीवाल्या आणि भुकटीवाल्या कोंबड्यांवर ते पुन्हा वाढले. गंधकाचा गुण मात्र पुढे कित्येक आठवडे टिकला, आणि ज्या न्हायल्याच नाहीत त्यांच्या अंगावरूनही उवा गेल्या. त्या प्रयोगात राख नव्हती. राखेचं जे आम्ही सांगणार आहोत ते आमच्या अंगणातलं आहे.

मग प्रश्न असा, की कोंबडीला हे सगळं येतं, तर आम्ही मधे पडायचं कारण काय? कारण आम्ही तिची न्हाणी बंद केली. तुम्ही आपल्या गावाकडे पाहा. पूर्वी घराभोवती पांढरीची माती होती, चुलीची राख परसात पडत होती, गोठ्याच्या भिंतीला कोरडी माती सुटत होती. आता अंगणात फरशी आली, गल्लीत सिमेंट आलं, कुडाच्या जागी विटा आल्या. घरात गॅस आला. हे वाईट झालं असं आम्ही म्हणत नाही. धुरानं डोळे गेलेल्या बाईसमोर चुलीचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण कोंबडीच्या पायाखालची धूळ त्यात गेली, हे खरं. आणि आपल्या कापसाच्या पट्ट्यात शेतातली माती काळी. मे महिन्यात तिची ढेकळं होतात, तिला भेगा पडतात. मृगाचा पाऊस झाला की तिचा चिखल होऊन पायाला जोड्यासारखा चिकटतो. जूनपासून दसऱ्यापर्यंत कोंबडीला कोरडी बारीक माती सापडत नाही, आणि अंगावरची ऊ याच दिवसांत माजते.

याचा सगळ्यात मोठा मार बसतो खुडूक कोंबडीला. ती २१ दिवस अंड्यावर बसते. दिवसातून एकदा उठते, दाणा खाते, पाणी पिते, मातीत न्हाते आणि अंडी गार व्हायच्या आत परत येते. उवेचा फेराही जवळपास तीन आठवड्यांचाच असतो. लिखेपासून ऊ होऊन तिनं पुन्हा लिखा घालेपर्यंत तेवढे दिवस जातात. म्हणजे कोंबडी बसली आहे तोवर उवांचं एक पीक तयार होतं, आणि पिल्लं बाहेर आली की ते त्यांच्यावर चढतं. न्हायला जागा नसेल तर कोंबडी अंगाच्या खाजेनं हैराण होऊन टोपली सोडते. आमच्यातल्या एकीच्या दोन कोंबड्या एकाच पावसाळ्यात अशा उठल्या. बारा आणि अकरा, तेवीस अंडी गेली. आम्ही म्हणत होतो नजर लागली. टोपलीतलं कुटार उचललं तर हातावर उवा चढल्या.

यावर आपण काय उपाय करत होतो, हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. कापसावर फवारायला आणलेलं औषध घरात असतं. डब्याच्या तळाशी थोडं उरतं. एका घरी बाईनं ते पाण्यात घातलं, फडकं बुडवलं आणि संध्याकाळी एकेक कोंबडी धरून पुसून काढली. सकाळी नऊ कोंबड्या आणि कोंबडा मेलेला. बाईला स्वतःला रात्री उलट्या आणि घेरी. दवाखान्यात न्यावं लागलं, वाचली. ते औषध मोनोक्रोटोफॉस होतं. पाखरांना ते फार वाईट. १९९५-९६ साली अर्जेंटिनात याच औषधाची फवारणी झालेल्या शेतांत हजारो शिकारी पक्षी मरून पडले होते. आणि माणसांचं काय होतं ते यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ साली पाहिलं, फवारणी करता करता वीसहून जास्त माणसं गेली. कापसाचं औषध कोंबडीच्या अंगावर, खुराड्यात, टोपलीत, कुठंही घालायचं नाही. जुनी माणसं पांढऱ्या पावडरींची नावं सांगतील. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली, कार्बारिलवर २०१८ साली आली. कुणाच्या माळ्यावर जुना पुडा पडला असेल तर तो उघडू नका.

त्याच्याच जोडीला दोन गोष्टी. पंप जिथं भरता, जिथं धुता, तिथली माती कोंबडीला उकरू देऊ नका. ती मातीत नुसती न्हात नाही, तिचे खडेही गिळते, आणि मातीतलं अंड्यात उतरतं. आणि पेरून उरलेलं सरकीचं रंगीत बियाणं उकिरड्यावर फेकू नका. तो रंग म्हणजे औषध लावल्याची खूण आहे.

आता करायचं काय ते. यात विकत घ्यायचं काहीच नाही, म्हणूनच बहुधा याची कुणी जाहिरात करत नाही.

ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा जुना टायर घ्या. टायर नसेल तर चार विटा-दगडांचा दोन-अडीच फूट लांबीरुंदीचा वाफा करा. घमेलं चालत नाही, कोंबडी त्यात वळू शकत नाही आणि पहिल्याच झटक्यात ते पालथं होतं. आत वीतभर माती भरा. माती पांढरीची, पडक्या भिंतीची, किंवा नदीच्या कडेची रेतीमिश्रित पोयट्याची. काळी घालायचीच असेल तर कुटून, चाळून, निम्मी वाळू मिसळून. चार घमेली मातीला एक घमेलं राख. राख लाकडाची, पऱ्हाटीची, तुराट्यांची, गोवऱ्यांची. चाळलेली आणि पुरती विझलेली. आमच्याकडे एकानं रात्रीची राख सकाळी घातली, आत निखारा होता, कोंबडीचे पाय भाजले. तेव्हापासून आम्ही राख दोन दिवस पत्र्याच्या डब्यात ठेवून मग घालतो.

राख जास्त घालायचा मोह होतो, तो टाळा. राख ओली झाली की तिचा खार सुटतो. जुन्या बाया त्याच पाण्यानं भांडी आणि कपडे काढायच्या, हाताची सालं निघायची. तेच कोंबडीच्या कातडीचं होतं. म्हणून राखेपेक्षा छप्पर महत्त्वाचं. गोठ्याच्या पडवीत, ओट्याच्या सांदीत, नाहीतर चार मेढींवर पत्रा टाकून, पण पाऊस आत येता कामा नये. आम्ही पहिल्या वर्षी टायर उघड्यावर ठेवला. एका पावसात त्याचं डबकं झालं, त्यात डास झाले, आणि सगळं काढून फेकावं लागलं. उन्हाळ्यात मात्र सावलीतली माती थोडी दमट राहिली तर कोंबडीला ती आवडते. मेच्या उन्हात ती पोट गार करायलाही तिथं बसते. तिला तेवढं करू द्या.

कोणती राख आणि कोणती माती घालायची नाही, हे नीट ऐका. परळी, चंद्रपूर, कोराडी, भुसावळ अशा औष्णिक केंद्रांच्या आसपास कोळशाची राख फुकट मिळते, ट्रॉलीनं मिळते. ती नको. त्यात शिसं, आर्सेनिक असे जड धातू असतात. वीटभट्टीची कोळशाची राख त्याच कारणानं नको. कचऱ्यात प्लास्टिक जाळलेली राख नको. गिट्टी खदानीवरची दगडाची भुकटी नको, ती कोंबडीच्या आणि तुमच्याही फुफ्फुसात जाऊन बसते. सिमेंट आणि कळीचा चुना नको. बाया डोक्यातल्या उवांना सीताफळाच्या बियांची पूड लावतात. ती डोळ्यात गेली तर डोळा जातो, आणि कोंबडी तर डोकंच मातीत घासते. तेव्हा ती अजिबात नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला चुरून घाला, त्यानं अपाय नाही. गंधकाचं आम्ही सांगितलं खरं, पण फवारणीच्या गंधकाचे पुडे वेगवेगळ्या तऱ्हेचे येतात. पशुवैद्यकाला पुडा दाखवल्याशिवाय ते मिसळू नका.

आठ-दहा कोंबड्या असतील तर जागा दोन करा. एक न्हायला लागली की बाकीच्यांनाही हुक्की येते, आणि मग ज्या दोघी-तिघी दांडग्या असतात त्या गरीब कोंबडीला टोचून हाकलतात. ऊ त्या गरिबीच्याच अंगावर राहते आणि तिच्याकडून परत सगळ्यांना जाते. खुडूक कोंबडीसाठी टोपलीपासून पाच-सात पावलांवर वेगळी माती ठेवा. तिला लांब जायला वेळ नसतो.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. आमच्या एका गावात कुठल्याशा योजनेतून लोखंडी पिंजरे आले, खाली जाळी, वर पत्रा, विष्ठा खाली पडते म्हणून स्वच्छ. कुठली योजना ते सांगत नाही, फोटो काढून झाल्यावर तिकडून कुणी फिरकलं नाही. पंधरा दिवसांनी बाया तक्रार करायला लागल्या की कोंबड्या खाद्य सांडतात. आम्ही जाऊन बसलो आणि पाहिलं. कोंबड्या जाळीवर बसून पंख हलवत होत्या, चोचीनं भांड्यातला भरडा अंगावर ओढत होत्या, मान घासत होत्या. खाली माती नाही, धूळ नाही, तरी न्हाण्याच्या सगळ्या क्रिया चालू. नंतर वाचलं तेव्हा कळलं की जगभर पिंजऱ्यातल्या कोंबड्या असंच करतात. युरोपातल्या देशांनी १९९९ साली कायदा केला आणि २०१२ पासून तिथं मोकळे पिंजरे बंद झाले. पिंजरा ठेवायचा तर त्यात उकरण्याजोगा भुसा-माती असलीच पाहिजे. तिथल्या कायद्याशी आपल्याला काही करायचं नाही. आमच्या बायांनी जाळीवर एका कोपऱ्यात पोतं अंथरून वर मातीची पाटी ठेवली, आणि खाद्याची नासाडी थांबली.

आता मातीनं काय होत नाही तेही सांगतो, नाहीतर घरी जाऊन म्हणाल की मेळाव्यात थाप मारली. मानमोडी मातीनं थांबत नाही. तिला लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी, ती घ्यायचीच. आणि गोचीड मातीनं जात नाही. कोंबडीची गोचीड दिवसा अंगावर नसते. ती खुराड्याच्या भेगांत, बसायच्या काठीच्या खाचेत, जुन्या टोपलीच्या विणीत लपते आणि रात्री येऊन रक्त पिऊन परत जाते. तीच तऱ्हा लाल माइटची. उपाशी ठेवून मारीन म्हणाल तर गोचीड महिनोन् महिने जगते. तिच्या चावण्यातून ताप येतो, हिरवी हगवण लागते, पाय लुळे पडतात. तुरा पांढरा पडला, कोंबडी रात्री खुराड्यात जायला तयार नाही आणि झाडावर चढते, तर समजा की ती आळशी नाही, आत गोचीड आहे. रात्री बॅटरी घेऊन काठीच्या खालच्या बाजूला पाहा. भेगांत उकळतं पाणी ओता, माती-शेणानं भेगा बुजवा, भिंतीला चुना मारा, बसायची काठी बदला, जुनी टोपली जाळून टाका. हे काम उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाच्या आधी.

उवा पाहायच्या तर कोंबडी उलटी धरून शेपटीखालची पिसं फुंकून पाहा. कातडीवर पिवळसर धावणाऱ्या दिसतील, पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे गड्डे दिसतील. माती दिल्यावर एकदा पाहून थांबू नका; लिखा आठवड्याभरात फुटतात, तेव्हा दहा दिवसांनी परत पाहा. टायरमधली माती रोज हातानं हलवा, घाण उचला आणि महिन्या-दीड महिन्यानं सगळी बदला. काढलेली माती शेतात टाका, त्यात राख आहे, विष्ठा आहे, ती वाया जात नाही.

आमचा हिशेब छोटा आहे. ज्या बाईची तेवीस अंडी गेली, तिनं पुढच्या पावसाळ्यात पडवीत टायर ठेवला आणि टोपलीशेजारी एक पाटी. दोन्ही कोंबड्या एकवीस दिवस बसल्या. चोवीस अंड्यांतून एकोणीस पिल्लं निघाली. त्यातली चार घारीनं आणि मुंगसानं नेली, त्याला माती काय करणार! उरलेल्यांपैकी सहा कोंबडे दिवाळीच्या बाजारात गेले आणि मुलीच्या शाळेचं त्यातून भागलं. नवऱ्यानं विचारलं नाही पैसा कुठून आला, आणि तिनं सांगितलं नाही. आज तो या मांडवात बसला आहे, म्हणून नाव घेत नाही.

मांडवाच्या मागे निंबाखाली एक टायर भरून ठेवला आहे आणि दोन कोंबड्या डालग्याखाली आहेत. सभा सुटली की डालगं उचलू. दोन-तीन दिवस त्यांना मुद्दाम फरशीवर ठेवलं आहे, तेव्हा लगेच न्हायला लागतील असा अंदाज आहे. पण गर्दी करून पुढे येऊ नका, बुजतात. चाळणी आमच्याकडे एकच आहे, ती गावोगाव फिरवू. ज्यांना हवी त्यांनी जाताना गावाचं नाव लिहून द्या.